पाचव्या दिवशीचं मांजर

आमच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी,
तेही रात्री दोनला.
अशाच एका पाण्याच्या रात्री
मोटारीच्या पाइपामागे ओलं काहीतरी हललं.
घूस समजून मी चप्पल उचलली.
ते ओरडलं.
मग एका हातात चप्पल, एका हातात ते,
आणि बॅरल भरून वाहायला लागलेलं.

ठेवून घ्यायचं असं काही ठरलं नव्हतं.
सकाळी नरसव्वा म्हणाली, "पिल्लि."
मी म्हटलं, हो, पिल्लूच आहे.
"पिल्लू नव्हे ओ, पिल्लि. आमच्यात मांजराला म्हणतात."
जिन्यावरून घरमालक बसलिंगप्पा म्हणाले, "बेक्कु,"
आणि लगेच, "मासळीचा वास आला तर बघा."
तीन भाषांत हाका मारून झाल्या,
एकीलाही ती ओ देत नाही.
दुधाची पिशवी कात्रीने कापली
की कुठूनही येते.

माझं काम टॉवेलच्या कडा शिवायचं.
डझनाला काय मिळतं ते मी सांगत नाही,
ऐकणारा मनात गुणाकार करतो
आणि विषय बदलतो.
गठ्ठा रिक्षातून येतो, अजून कोमट.
तो जमिनीला टेकायच्या आत ही त्यावर.
ऑर्डर हॉटेलांची, पांढरीशुभ्र,
आणि ही काळी, शेपटीच्या टोकापर्यंत.
चिकटपट्टी उलटी बोटांना गुंडाळून
एकेक टॉवेल थोपटते मी,
तान्ह्याचा ढेकर काढावा तशी.
तरी गड्डमशेठनी एक केस उजेडात धरून विचारलं,
"हे काय?"
"माझाच," म्हटलं.
माझे कधीच पिकलेत, हे त्यांना दिसत होतं.

कोपऱ्यावरच्या बांधकामातून पाटीभर वाळू आणली, विचारून.
वाळू कोरडी राहिली,
कढीपत्त्याची कुंडी तेवढी उकरलेली.
रात्री कडक भाकरीचा तुकडा
फरशीवर ढकलत कॅरम खेळते.
शेंगाचटणीचा डबा हुंगून सात वेळा शिंकली,
आठव्या दिवशी परत हुंगला.

एप्रिलात पारा चव्वेचाळीसला गेला.
वीस वर्षं या खोलीत राहून मला माहीत नव्हतं
इथली सगळ्यात गार जागा कुठली:
माठाच्या तिवईखाली, वीतभर फरशी.
दुपारी लाइट गेली की मीही तिथे पाय सरकवते.
ती पंजा उगारते,
नखं आतच ठेवून.

मग एकदा दोरा गिळला तिने.
चाळीस नंबरचा, बॉबिनसकट ओढत नेलेला.
पिशवीतून डोकं बाहेर काढून
ती अख्खी रिक्षा ओरडत आली.
जनावरांच्या दवाखान्यात आमच्या पुढे एक म्हैस,
मागे शेळीवाला, तो म्हणाला,
"मांजराला कोण आणतंय ओ इथं?"
खिडकीतल्या माणसाने कागद सरकवला.
मालकाचे नाव.

रेशनकार्डावर सासऱ्यांचं आहे,
लाइटच्या मीटरवर बसलिंगप्पांचं,
शिलाई मशीनच्या हप्त्यावर दिराचं.
मी पेन धरून उभी.
म्हशीने शेण टाकलं, कोणीतरी झाडू मागितला.
लिहिलं मग, आईने ठेवलेलं नाव, पूर्ण,
काना-मात्रा नीट बघून.
खाली जनावराचे नाव असा रकाना होता.
तो कोरा ठेवला.
"पुढच्या वेळी सांगते," म्हटलं.

दोरा दुसऱ्या दिवशी आपोआप निघाला,
कुंडीतच, अर्थात.

आता पाइपात पाणी चढायच्या आधी
हिलाच कळतं.
गालावर पंजा येतो, एकदा, मग जरा जोरात.
मी नरसव्वाची कडी वाजवते,
ती पुढच्या घराची.

काल तिने चौथ्याच दिवशी उठवलं.
तोटी उघडली तर थेंब नाही.
शिव्या द्यायला तोंड उघडलं,
पण झोप गेलीच होती.
बसलो दोघी नळापाशी,
आतून वारा येत होता,
लांबून, टाकीकडून कुठून तरी,
ती कान टवकारून
आणि मी तिच्या कानांकडे बघत.