मालक : १००७

रात्री पावणेदोनला मालगुंडकर बाईंचा फोन.
माझगावच्या गोदी कामगार पतपेढीची
लाभांशाची यादी सकाळी लागायची आहे
आणि यादी चढत नाही.
पडदा म्हणतो : परवानगी नाही.
अहो, आमचीच यादी, आम्हालाच नाही?
गेल्या वर्षी डाबरे साहेब एका मिनिटात करायचे.

भांडुपला, टेकडीच्या अंगाच्या खोलीत
मी ओट्यावर लॅपटॉप ठेवते.
चारला पाणी येईल, तोवर जागीच आहे असं धरायचं.
सर्व्हर कुठे आहे मला नक्की ठाऊक नाही,
परदेशात, कुठल्यातरी थंड खोलीत.
त्याला मी कधी पाहिलेलं नाही
तरी त्याच्या घरात सहा वर्षं माझी ऊठबस आहे.

दार उघडतं.
प्रत्येक फाइलीपुढे तिचा धनी लिहिलेला असतो,
मग गट, मग इतर.
वाचणं, लिहिणं, चालवणं
ज्याच्या त्याच्या वाट्याचं.
जिथे नाव असायचं तिथे आज आकडा आहे,
वरपासून खालपर्यंत
१००७
१००७
१००७
रेशन दुकानातलं टोकन हातात राहावं
आणि माणूस रांग सोडून निघून गेलेला.

इग्नेस डाबरे मार्चमध्ये गेला.
महिन्याचा मिस्सा व्हायच्या आत
ऑफिसने त्याचं खातं पुसलं, नियमाप्रमाणे.
खातं पुसलं की नाव जातं.
फायली जात नाहीत. त्या आकड्यावर राहतात,
आमच्या सोसायटीतला तळमजल्याचा गाळा
सुर्वे वारल्यावर चौदा वर्षं
नॉमिनीच्या फॉर्मवाचून राहिला, तशा.

सगळ्यांना सगळं उघडून टाका ना, बाई म्हणतात.
येतं करता. तीन साते दाबायचे.
इग्नेस म्हणायचा, सातशे सत्त्याहत्तर म्हणजे
किल्ली कुलपालाच ठेवून गावी जायचं
आणि वर शेजाऱ्यांना सांगायचं, लक्ष असू द्या.

मी रूट होते.
रूटला कोणी नाही म्हणत नाही.
फोल्डर एकेक करून पतपेढीच्या नावावर करते,
फोल्डरना ७५५, फायलींना ६४४.
एक मोकळी जागा चुकीची पडली
तर आख्खं यंत्रच पतपेढीचं होईल,
म्हणून आज्ञा मोठ्याने वाचते, दोनदा,
कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तशी.

यादी चढते. दिसलं, दिसलं, बाई म्हणतात,
साडेसात टक्के,
आणि फोन ठेवून देतात.

एक उरते.
त्याच्या जुन्या फोल्डरमधली, नाव : घरचं.
परवानगी ६००. फक्त धन्याने वाचायची.
शेवटचा हात लागला फेब्रुवारीत, एका मंगळवारी,
जेवणाच्या सुट्टीत.
आकार अकराशे बाइट.
मराठीत असेल तर एका अक्षराला तीन,
म्हणजे पान अर्धंही भरणार नाही.
एवढाच हिशोब मी केला.

मला वाचता येते.
मला न येण्यासारखं इथे काहीच नाही.
रेजिनाला विचारावं का?
ती फाइल तिच्यासाठी असेल,
किंवा तिच्यापासूनच लपवलेली असेल.
विचारणं म्हणजेही थोडं उघडणंच.

सोमवारी नवा मुलगा येतोय, निहार गमरे.
त्याचं खातं काढून ठेवायचं आहे.
यंत्रावर सोडलं तर ते पुढचा मोकळा आकडा देतं
आणि पुढचा मोकळा आकडा १००७.
निहारला कळणारही नाही,
पहिल्याच सकाळी, चहा यायच्या आत,
तो कुणाच्यातरी घरच्या ओळींचा धनी झालेला असेल.

मी हाताने लिहिते : १००८.

नळ खोकतो. चाराला पाच कमी.
आज लवकर आलं.
मी बादली लावते.