पाझर

खरेदीखतात सतराव्या पानावर
तो एका ओळीत होता:
मातीचा बांध, उंची एकोणीस फूट, सन १९३८,
पाण्याच्या हक्कासकट.

आई फोनवर म्हणाली, धरण विकत मिळतं?
सरकारचं असतं ना ते?
म्हटलं, इथे माझं आहे.
जरा वेळ गप्प राहिली. मग,
रात्री कुलूप लावतेस का?

हॉचकिसच्या वर, कोलोरॅडोच्या या कोरड्या उतारावर
चाळीस एकर जर्दाळूला पुरेल एवढंच पाणी.
ऑर्व्हिल टँक्स्ली किल्ल्या देताना म्हणाला होता,
बिळं बुजवत जा. भिंतीवर झाड वाढू देऊ नकोस.
पायथ्याशी ओल दिसली तर घाबरू नकोस,
आधी तिचा रंग बघ.

म्हणून दर रविवारी मी बरणी घेऊन जाते,
लोणच्याची, लेबल अर्धं निघालेली.
दगडांतून झिरपतं ते तीत धरते, उन्हात उंच करते.
नितळ असलं तर ठीक, बांध घाम गाळतोय.
गढूळ असलं
तर तो आतून स्वतःलाच वाहून नेतोय,
चिमूट चिमूट.

आमच्याकडे पाझर फुटणं भलं मानतात.
तहसीलदाराला फुटला, बापाला फुटला, की काम झालं.
इथे मी फुटू नये म्हणून वाकून बघते.

मे महिन्यात राज्याच्या कचेरीतून मार्लीन क्विस्ट आल्या.
सांडव्यात माजलेली वाळुंजं मोजली,
मोरीच्या गंजक्या तोंडाशी आरसा धरून
उन्हाची तिरीप आत सोडली.
गेल्या खेपेसारखंच आहे, म्हणाल्या,
आणि 'कमी धोका' खोडून 'जास्त' लिहिलं.

मग बदललं काय?

त्यांनी पेनानं खाली दाखवलं.
ओढ्याच्या वळणावर, जिथे नुसता लसूणघास असायचा,
तिथे चाकांवरचं एक पांढरं घर.
दोरीवर मोजे, बोटाएवढे.

चाक बावीस वेळा फिरवलं.
दुरुस्तीपर्यंत सहा फूट पाणी कमी.
खालच्या अकरा एकरांना या वर्षी काही नाही,
त्या झाडांकडे बघायचं टाळत मी उतरून गेले.
चालत बारा मिनिटं.
पाण्याला पाच पुरतील.

डेल्फीना आर्चुलेता दारात आली, कडेवर बाळ.
तुमचं तळं इथून छान दिसतं, म्हणाली.
मी सगळं सांगितलं. फार भराभर सांगितलं बहुतेक.
माझा फोन आला तर काही विचारू नका,
त्या टेकडीवर जा. चपलासुद्धा शोधू नका.
तिने नंबर फ्रिजवर लावला,
पिझ्झाच्या कूपनशेजारी.

गुरुवारी पहाटे पावणेतीनला फोन वाजला.
तिचाच.
पाणी आलं का? मी ओरडलेच.
नाही, नाही. बाळ उठलं होतं.
म्हटलं बघावं,
तुम्ही उचलता का.

तिने ठेवला.
मी टॉर्च घेतला, बूट घातले,
आणि बरणी धुतलेली कुठे ठेवली होती
ते आठवेना.