याबोमच्या भिंतीवरच्या रेघा

फ्रीटाउनच्या खाडीकाठी पत्रा तापून
डोळ्यांत खुपायला लागतो, त्या वेळी
मी टॅब्लेट घेऊन दारोदार फिरते.
घर क्रमांक. छताचा प्रकार. माणसं किती?
"दिवसा चार," याबोम म्हणते, "रात्री अकरा."
फॉर्ममध्ये चौकोन एकच.

ती धुरावर मासे लावत असते, हात थांबवत नाही,
हनुवटीनंच भिंत दाखवते.
कोळशाच्या पाच रेघा.
ही घोट्याची. ही गुडघ्याची.
ही सोरी जन्मला त्या सालची.
सगळ्यात वरची माझ्या खांद्याला लागते.
तिच्याबद्दल ती बोलत नाही,
मीही विचारत नाही.

टेप लावते : एकशे सदतीस सेंटिमीटर.
आकडा भरला तसं पडद्यावर
तिचं पिवळं घर नारिंगी झालं, मग लाल.
शेजारचंही. नळापासून मशिदीपर्यंत
आळीच्या आळी
मिरच्या वाळत घातल्यासारखी.

"लाल म्हणजे काय?"
म्हणजे धोका, मी सांगते. म्हणजे मदत आधी इथं.
ती मासा उलटते.
"मागे पुलाखाली असेच आले होते, रंगाचा डबा घेऊन.
दारांवर लाल फुल्या मारल्या. मग बुलडोझर आला.
पाणी निदान परत तरी जातं."

यावर मला काही सुचलं नाही.
प्रशिक्षणात उत्तरं चहाबरोबर वाटली होती,
ती तिथंच संपली.

मग तीच उठली. हात पुसले.
"लिही तुझ्या त्या पाटीवर :
तिसऱ्या घरातल्या फिंदाला दिसत नाही,
नुसती हाक पुरत नाही, हात धरावा लागतो.
डेम्बाचं दार आत उघडतं,
आत पाणी भरलं की उघडतच नाही.
शाळेचा ओटा उंच आहे, पण किल्ली कामांडाकडे,
आणि कामांडा रात्री दुसऱ्या बायकोकडे असतो.
ती राहते टेकडीवर."

यासाठी रकाना नव्हता.
'इतर'मध्ये अडीचशे अक्षरं मावतात.
मी काटकसर केली, काने-मात्रे मोजावेत तशी,
पण फिंदाचं नाव आडनावासकट लिहिलं.

निघताना बॅटरी नऊ टक्के,
पिशवीत कागदात गुंडाळलेला एक मासा.
याबोमनं मला भिंतीपाशी उभं केलं,
वरच्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"उंच आहेस," म्हणाली.
"ऑगस्टात असशील इथं?"

पडद्यावर पुढच्या घराचा क्रमांक
आपोआप आला होता.