बाराव्या ओळीत

कौनसच्या इस्पितळात रक्ताच्या नळ्या
रात्री अकरानंतर एकेकट्या येतात.
तळघरात सर्व्हर, वर प्रयोगशाळा,
मध्ये मी, आणि थंड झालेली कॉफी.

प्रत्येक नमुना एक वस्तू: नाव, वय,
हिमोग्लोबिन, कुणी घेतला, कधी घेतला.
पाठवायची तर आधी मोडून सपाट करायची,
बिऱ्हाड हलवताना पलंगाचे पाय काढतात तशी;
पलीकडे पोचली की पुन्हा उभी.
पायथॉनमध्ये ह्या बांधाबांधीचं नाव लोणचं.
खरंच. कुणीतरी गमतीनं ठेवलेलं,
आम्ही गंभीरपणे वापरतो.

मला वाटायचं, बरणीत नुसत्या फोडी असतात.
नसतात. कृतीही असते, आतच लिहिलेली:
हे घे, ते जोड, अमक्याला हाक मार.
उघडणारा निमूट ऐकतो.
अमका कोण, विचारत नाही.

बारावी ओळ: उघड.
तेरावी ओळ: हा नमुनाच आहे ना, तपास.

तीनदा वाचलं.
वरातीमागून घोडं,
आणि तेही नीट खोगीर घातलेलं.

मग मी स्वतःच एक बरणी भरली.
आत रुग्ण नव्हता. एकच निरोप:
उघडशील तेव्हा एक रिकामी फाइल कर,
नाव ठेव ‘लाबास’, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार.
चाचणीच्या यंत्राकडे सोडली.
तेरावी ओळ ओरडली, हा नमुना नाही!
बरोबर होतं तिचं.
फाइल मात्र तिथे होती, शून्य बाइटची,
दार न वाजवता आत येऊन
खुर्चीत बसलेल्या पाहुण्यासारखी.

माझ्याआधी कुणी येऊन गेलं का?
नोंदी आम्ही नव्वदच दिवस ठेवतो.
ओळ अकरा वर्षांची. शेजारी नाव: डांगुओले.

शनिवारी नेमुनस ओलांडून तिच्याकडे गेले.
ती काकड्या भरत होती. शेपूचे तुरे, लसूण,
करंटची पानं, सगळ्यांवर एक ओकचं.
मी सांगितलं.
ती बराच वेळ हात पुसत राहिली, कोरडे झाले तरी.
‘तेव्हा पाठवणारा वैदोतस होता,’ म्हणाली,
‘भिंतीपलीकडे बसायचा.
खोकला तरी ऐकू यायचा.’

वैदोतस निवृत्त झाला. भिंत पाडली.
गावोगावच्या सहा दवाखान्यांना वाट दिली,
मग एका कंपनीला,
मग त्या कंपनीनं नेमलेल्या कंपनीला.
प्रत्येक वेळी कागदावर सह्या झाल्या.
ओळ तशीच,
त्या एका खोकल्यावर भरवसा ठेवून.

दोन आठवडे लागले.
आता नमुन्याबरोबर साधा मजकूर जातो,
त्याला कुणाला हाक मारता येत नाही.
तारीखसुद्धा नुसती अक्षरं म्हणून येते;
ती तारीख आहे की नाही
हे आता आम्ही ठरवतो, दारातच, उभ्या उभ्या.
काम वाढलं म्हणून मुलं कुरकुरतात.
कुरकुरू देत.

त्या शनिवारी निघताना तिनं एक बरणी हातात दिली होती.
वर नाव नाही, तारीख नाही.
मी ती ट्रॉलीबसमध्येच उघडली.