कापून बघायच्या आधी

शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
मी कास्टिंगं पास केली, रिजेक्ट केली.
आधी हातोडीनं टिचकी. कान द्यायचा.
खणखणीत वाजलं तर पुढं,
बद्द वाजलं तर बाजूला,
मग लाल डाय, मग अल्ट्रासोनिक,
आणि कशानंच उलगडेना तेव्हाच करवत.

नवा होतो तेव्हा घाईत एक व्हॉल्व्ह बॉडी
उभी कापली.
आत बुडबुडा नाही, भेग नाही.
निर्दोष निघाली, दोन तुकडे होऊन.
मुल्लाणीमामा म्हणाले,
"आता हिचं सर्टिफिकेट कुणाच्या गळ्यात घालतोस?"

आता माझ्याच छातीत,
जोतिबाच्या पायऱ्यांवर, दर खेपेला त्याच वळणाला
कोणतरी पान्यानं नट आवळतंय.
थांबलं की सैल.
थोरला पुण्याहून म्हणतो,
"अँजिओग्राफी करून टाका पप्पा, विषय कट."

राजारामपुरीत इंगवलेबाईंनी
आधी कान दिला.
मग पट्ट्यावर पळवलं, साडेसहा मिनिटं.
कागदावरची रेघ जराशी वाकली,
ना होय ना नाही.
मग सीटीच्या कड्यातून सरकवलं:
एक धमनी निम्मी बुजलेली,
मुख्य वाट मोकळी.

"मग घाला की नळी," मी मनगट पुढं केलं.
"घालीन. कारण सापडलं की.
आधी गोळ्या. चालायचं. तंबाखूची डबी इथं टेबलावर ठेवा.
गोळ्या घेऊनही आवळायचं थांबलं नाही,
चार पायऱ्यांवरच आवळायला लागलं,
तर आत शिरून बघू.
आणि बसल्या जागी दुखलं, झोपेतनं उठवलं,
तर पोराला विचारत बसू नका. थेट या."

शेजारच्या धोंडीराम चौगुलेला असंच नेलं होतं,
पहाटे तीनला, घामानं चिंब बनियनसकट.
त्याला कुणी पट्ट्यावर पळवलं नाही.
तासाभरात नळी आत.
आता रंकाळ्यावर तो माझ्यापुढं चालतो
आणि मागं वळून मला भित्रा म्हणतो.

म्हणू दे.
माझ्या खिशात जिभेखालची गोळी आहे,
आणि त्या वळणाची पायरी मी मोजून ठेवलीय.

रात्री मालन झोपली की
दोन बोटांनी छातीवर टिचकी मारून बघतो.
काय वाजतं, कळत नाही.
हाडामासाचा आवाज आमच्या तक्त्यात नव्हता.

त्या व्हॉल्व्ह बॉडीचा अर्धा तुकडा
अजून कपाटावर आहे.
मालन त्यात सुट्टे पैसे ठेवते.