गरम करून मिळेल का

कौनासला, ट्रकांच्या यार्डामागे,
टायरच्या दुकानाला लागून तीन पायऱ्या उतरल्या
की वाल्गिक्ला. म्हणजे खाणावळच.
पाटी नाही. अकरा ते तीन.
तीनला गेनोवाइते खुर्च्या टेबलांवर उलट्या घालते,
मग तुम्ही मंत्री असा नाहीतर उपाशी.

ट्रे घ्यायचा, सरकवत जायचं.
पावाचा एकेक तुकडा मोजला जातो,
आंबट सायीचा चमचासुद्धा वेगळा लागतो,
आणि बेरीज चिठोऱ्यावर, पेन्सिलीने.
तिचा एक मला सात वाटला.
पहिल्या दिवशी सहा युरो जास्त ठेवले,
ते तिने एका बोटाने परत सरकवले,
माझ्याकडे न बघता.

जूनमध्ये बोट दाखवून मागितलं ते गुलाबी.
इतकं गुलाबी, की आम्ही घाटावरचे,
सोलकढी जन्मात दोनदा प्यायलेले,
तरी मला तीच आठवली.
बिटाचं, ताकातलं, वर शेपू, अर्धं अंडं,
आणि गार. वाडग्याला घाम सुटलेला.
शेजारच्या बशीत मात्र बटाटे वाफाळते.
वाटलं, घाईत राहून गेलं असेल.
मागे रांगेत सातआठ माणसं,
आणि मी फोनवर जुळवलेलं वाक्य वाचून दाखवलं:
हे गरम करून मिळेल का?

आधी गेनोवाइते हसली.
मग पडद्यामागची भांडीवाली.
मग व्हिटेनिस, रिटायर झालेला ट्रॉलीबस ड्रायव्हर,
जो त्याआधी हसला नव्हता
आणि त्यानंतरही नाही.
वाईट हसू नव्हतं ते. पण कानांना कोण सांगणार.
कोपऱ्यात बसलो, भिंतीकडे तोंड करून.
हिरवा रंग पोपडे धरलेला, एक खिळा, त्यावर काही नाही.
एक घास गार, एक घास गरम,
रागारागाने जेवलो.
चांगलं होतं, हे रात्री पोझनानच्या रस्त्यावर कळलं,
स्टीअरिंगवर बोटं शेपूची लागत होती.

तेव्हापासून मी कार्श्तास. म्हणजे गरम.
पासपोर्टावरचा भरमू मगदूम
त्यांच्या जिभेवर बसेना,
मीही फार आग्रह केला नाही.
हिवाळ्यात रॉटरडॅमहून उशिरा पोचलो
की सगळ्या खुर्च्या उलट्या
आणि कोपऱ्यातली एक सरळ.
माझ्यासाठी होती असं मी म्हणणार नाही.
विचारलं नाही. बसलो.

परवा नवा आला, दिलमुरोद, नमनगानचा.
शर्टाला इस्त्री, ट्रे दोन्ही हातांनी धरलेला,
पाहुण्याला पाणी देताना धरतात तसा.
बोट गुलाबीकडे. मग रशियनमध्ये काहीतरी.
रशियन मला येत नाही.
पण पहिला हसलो तो मीच,
आणि मोठ्याने.

तो वळला. मी त्याचे कान पाहिले.
गेनोवाइते या वेळी हसली नाही.
तिने चिठोऱ्यावर आकडा लिहिला,
पेन्सिल कानावर खोचली
आणि माझ्याकडे पाहिलं. एवढंच.

तो जाऊन बसला कुठे, हे सांगायला नको.
माझा ट्रे उचलून तिकडे न्यावा असं वाटलं.
न्यायला नाही.
काय बोललो असतो, आणि कुठल्या भाषेत?

तीन वाजले.
तो अजून खात होता, एक गार, एक गरम.
मी उठलो, न सांगता
खुर्च्या उलट्या घालत निघालो,
खिडकीकडून आत, एकेक करत,
त्याच्या टेबलापाशी आलो,
रिकामी खुर्ची हातात धरली
आणि खालीच ठेवली.