जिओटॅग

फोटोखाली अक्षांश-रेखांश उमटले नाहीत
तर तो कार्यक्रम झालाच नाही असं धरतात,
रणपिसे सर तिसऱ्यांदा सांगतात, आणि माझ्याकडे बघतात,
कारण मी भूगोलाची.

रेखांश मी मोसंबी सोलून शिकवते.
मोसंबी माझी, हडपसरच्या मंडईतली,
आणि तास संपता संपता अख्खी पृथ्वी
मागच्या बाकापर्यंत फोडीफोडीनं संपते.
याचा फोटो नाही.

नॅक येतंय.
पाच वर्षं सात निकषांत बसवायची आहेत, गुरुवारपर्यंत.
अप्पा बळवंत चौकातून बाइंडिंग होऊन येतात
आमच्या न झालेल्या सभांची इतिवृत्तं;
शाई वेगवेगळी दिसावी म्हणून
टिळेकर मॅडमनी चार पेनं आणलीत.
मांजरीच्या नर्सरीतून कुंड्या आल्यात, तीन दिवसांच्या भाड्यानं.
एका झाडाला इथे आल्यावर कळी धरली,
ती हिशेबात कुणाची, हे काही ठरलं नाही.

मी घाबरले नाही.
दाखवायचे कार्यक्रम माझे चार झालेत,
पोह्यांची बशी कशी पुढे करायची मला माहीत आहे.

तासिका तत्त्वावरच्या यादीतून माझं नाव
पूर्णवेळच्या रकान्यात गेलं, अलगद,
झोपलेलं मूल कुणी दुसऱ्या खाटेवर ठेवावं तसं.
आईला सांगितलं नाही. ती पेढे आणील,
आणि माझे मार्चचे पैसे अजून यायचेत.

रात्री अभिप्रायाचे कागद मोजायला बसले.
प्रश्न अकरा: शिक्षक वेळेवर येतात का?
एकीनं ‘नाही’वर खूण करून समासात लिहिलंय,
‘मॅडमची चूक नाही. बस शेवाळवाडीहूनच उशिरा सुटते.’
नावं लिहायची नव्हती,
पण ळ असा गुंडाळणारी वर्गात एकच, नाझनीन बागवान.
तक्त्यात समास धरत नाहीत.
माझ्या वर्तुळातून तिची फोड
लाल रंगात कापली गेली.

भूगोलाच्या खोलीतला जुना नकाशा उतरवायचा होता.
सोपान हरपळे स्टुलावर चढले, खिळ्याशी झटले, उतरले.
“निघंना. अन् काढला तरी मागं चौकोन दिसंल, बाई.”
तर तो राहिला.

तिघं आले. दोघं चहाकडे वळले.
अध्यक्षबाई इम्फाळच्या. नकाशापाशी थांबल्या,
आधी आपलं गाव शोधलं,
तिथली शाई अजून करकरीत होती.
मग बोट तिरकं खाली आणलं, पार पश्चिमेला:
पुण्याच्या जागी पांढरा डाग,
कागदामागचं कापड वर आलेलं.
इथे काय होतं? त्यांनी हिंदीत विचारलं.
मी म्हटलं, इथेच आहोत आपण.
दर वर्षी साठ मुलं, पहिल्याच तासाला,
‘आपण कुठे?’ म्हटलं की येऊन बोट ठेवतात.

त्या काही बोलल्या नाहीत.
स्वतःचं बोट ठेवलं तिथे,
बराच वेळ.
रणपिसे सरांचा फोन तेव्हा चार्जिंगला होता.

श्रेणी आली, बी प्लस प्लस.
गेटवर फटाक्यांची माळ लागली, कुंड्या गेल्या,
मी माझ्या रकान्यात परतले.

अहवालात शिफारस क्रमांक नऊ:
भूगोल विभागातील जीर्ण नकाशा बदलण्यात यावा.

हरपळ्यांना सांगून ठेवलंय,
कुणी विचारलंच
तर म्हणा, खिळा निघत नाही.